किती पडला? (पावसाची वही कशी ठेवावी)



सनीव्हेलचा हिवाळा म्हणजे खरा पाहता आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर इथे आकाश कोरडे ठणठणीत, आणि बहुतेक सगळा पाऊस नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत. गावी छत्र्या माळ्यावर गेल्या की आपण इथे बाहेर काढतो. या पावसाची रोजची नोंद कशी ठेवावी, ती कशी वाचावी आणि ती मराठीत कशी लिहावी, हा आजचा पाठ. आमच्या घरी ही वही कशी सुरू झाली ते आधी सांगतो, कारण त्यात आमची थोडी फजिती आहे आणि फजितीतून शिकलेले चांगले लक्षात राहते.

एक साधा प्रश्न

३१ डिसेंबर २०२२, शनिवार. दिवसभर पाऊस थांबला नव्हता. संध्याकाळी सात वाजता नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायला आम्ही सांगलीला फोन लावला. तिथे १ जानेवारीची सकाळ, साडेआठ वाजले होते. मुलांनी मोठ्या उत्साहाने आबांना पावसाची बातमी दिली.

आबांनी विचारले, "किती पडला?"

"खूप!" मुलगा म्हणाला.

"खूप म्हंजे किती? मापात सांग की."

मुलगा आमच्याकडे पाहू लागला, आम्ही एकमेकांकडे. घरात दोन इंजिनिअर, चार कॉम्प्युटर, आणि आपल्या अंगणात किती पाऊस पडला ते कोणालाच सांगता येईना. त्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत ५.४६ इंच, म्हणजे जवळजवळ १३९ मिलिमीटर पाऊस झाला, हे आम्हाला मागाहून बातम्यांतून कळले. पण ते झाले सॅन फ्रान्सिस्कोचे. आपले काय?

तुम्ही म्हणाल, शेजारच्या गावचा आकडा घेतला तर काय बिघडले? बिघडते ते असे. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेत मोजला गेला सुमारे ७३ मिलिमीटर. शहर एकच, अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचे. एका टोकाला माणसे छातीइतक्या पाण्यात आणि दुसऱ्या टोकाला नेहमीचा पावसाळी दिवस. पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही, म्हणून तो जागोजागी मोजावा लागतो.

अमेरिकेतही हाच अनुभव आला. २८ जुलै १९९७ ला कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स गावात अचानक पूर आला. गावाच्या एका बाजूला प्रचंड पाऊस, तर थोड्याच मैलांवर अगदी बेताचा. त्या धड्यातून १९९८ साली साध्या नागरिकांचे एक मंडळ सुरू झाले. त्याचे लघुनाव 'कोकोराज'. यात शाळेतली मुले, शेतकरी, निवृत्त माणसे असे सगळे आपापल्या अंगणातला पाऊस रोज सकाळी मोजून कळवतात. आज ते सगळ्या राज्यांत पसरले आहे. म्हणजे आपण जे करणार आहोत तो नुसता खेळ नाही, त्याचा उपयोग आहे.

मापक कसा करावा

पावसाचे माप म्हणजे जमिनीवर पडलेले पाणी जागचे जागी राहिले असते तर किती उंच साठले असते, ती उंची. म्हणून ती मिलिमीटरमध्ये किंवा इंचात सांगतात. १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर.

१ जानेवारीला आम्ही उत्साहाने पाणी प्यायचा पेला अंगणात ठेवला. ही पहिली चूक. पेल्याचे तोंड रुंद, बूड अरुंद. पाणी गोळा होते रुंद तोंडातून आणि साठते अरुंद बुडात, त्यामुळे आकडा फुगतो. भांडे सरळ भिंतींचे हवे. ते लहान असो की मोठे, उंची तीच येते, कारण तोंड दुप्पट मोठे तर तळही दुप्पट मोठा.

दुसरी चूक जागेची. भिजायला नको म्हणून आम्ही भांडे दाराजवळ ठेवले होते. वरून पागोळ्यांचे पाणी त्यात पडत होते! भांडे घर आणि झाडे यांपासून लांब, उघड्यावर हवे. जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतर राखता आले तर उत्तम.

बाजारात मिळणारा चार इंच तोंडाचा मापकही चांगला. त्यात वर गाळणे म्हणजे नरसाळे असते आणि आत १.२६ इंच व्यासाची बारीक नळी. मोठ्या मुलांनी गणित करून पाहावे: ४ चा वर्ग १६, १.२६ चा वर्ग सुमारे १.६. तोंड नळीच्या दहापट, म्हणून पाऊस एक मिलिमीटर पडला की नळीत पाणी दहा मिलिमीटर चढते. बारीक पाऊसही नीट वाचता येतो.

वही कशी ठेवावी

वेळ ठरलेली हवी. भारतीय हवामान खाते सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस मोजते. कोकोराजची मंडळी सकाळी सातला मोजतात. आपणही सात धरू या, म्हणजे शाळेआधी काम होते. वहीत हे रकाने आखावेत: तारीख, वार, पाऊस, किमान व कमाल तापमान, वारा, आकाश, शेरा. नमुना असा (आकडे केवळ उदाहरणासाठी):

सोमवार: पाऊस १८ मिमी. किमान १२, कमाल १५ अंश. वारा आग्नेयेकडून, जोराचा. आकाश पूर्ण ढगाळ. शेरा: रात्रभर संततधार, कुंपणाची एक फळी पडली.

मंगळवार: पाऊस ४ मिमी. किमान ८, कमाल १४ अंश. वारा वायव्येकडून. ढग विरळ. शेरा: सकाळी दोन सरी, दुपारी उघडीप.

बुधवार: पाऊस ०. किमान ३, कमाल १३ अंश. वारा नाही. आकाश निरभ्र. शेरा: गवतावर दहिवर, गाडीची काच गोठलेली.

बुधवारचे शून्य पाहिलेत? आमच्या मुलीने पहिल्या आठवड्यात कोरडे दिवस लिहिलेच नाहीत. "पडलाच नाही तर काय लिहू?" असे तिचे म्हणणे. पण महिन्याने वही उघडली तर रिकामी जागा दिसते. त्या दिवशी पाऊस नव्हता की मोजायला विसरलो, हे कसे कळणार? शून्य हीसुद्धा नोंद आहे. थेंब पडले पण मोजण्याइतके नाहीत, तर 'थेंब' असे लिहावे. आणि विसरलो तर प्रामाणिकपणे 'मोजले नाही' असे लिहावे, अंदाजाचा आकडा घालू नये.

महाराष्ट्रात या आकड्यावर माणसांचे पोट अवलंबून असते. एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी धरतात, आणि पिकाच्या नुकसानभरपाईसाठी तो आकडा पाहिला जातो. आबा आम्हाला "मापात सांग" म्हणाले ते उगीच नव्हे.

'खूप' शिवाय आणखी शब्द

आकडा झाला की शेरा. इथे आपल्या मराठीचे भांडार उघडावे.

भुरभुर: अगदी बारीक पाऊस, केसांवर दाणे दिसावेत असा.
रिमझिम: बारीक पण सुखाचा, एका लयीत पडणारा.
पिरपिर: बारीक, पण कंटाळा आणणारा. धड पडत नाही, धड थांबत नाही.
सर: थोडा वेळ येऊन जाणारा पाऊस. अनेक आल्या की सरी.
संततधार: न थांबता एकसारखा पडणारा.
झड: दिवसचे दिवस लागून राहिलेला पाऊस. झड 'लागते'.
मुसळधार: मुसळासारख्या जाड धारांनी कोसळणारा.
उघडीप: पाऊस थांबून मिळालेली मोकळीक. उघडीप 'मिळते' किंवा 'पडते'.

गंमत पाहा, रिमझिम आणि पिरपिर या दोघांचे मिलिमीटर कदाचित सारखेच भरतील. मापकाला त्यांतला फरक कळत नाही, तो माणसालाच कळतो. म्हणून वहीत आकडाही हवा आणि शब्दही हवा.

गावाकडे पावसाला नक्षत्राचे नाव असते: मृगाचा, आर्द्रेचा, हस्ताचा. प्रत्येक नक्षत्राला पंचांगात वाहनही असते, कधी बेडूक, कधी म्हैस, कधी हत्ती. इथला पाऊस सूर्य मूळ, पूर्वाषाढा, उत्तराषाढा, श्रवण अशा नक्षत्रांत असताना येतो, आणि त्यांना कोणी वाहन दिलेले नाही. हवाईकडून येणाऱ्या उबदार वादळांना इथे 'पाइनॅपल एक्स्प्रेस' म्हणतात, तेव्हा आमच्या मुलीने त्यांचे वाहन ठरवून टाकले आहे: अननस.

पाऊस असूनही थंडी का नाही?

वरच्या नमुन्यात आणखी एक गोष्ट दिसेल. पावसाच्या रात्री किमान १२ अंश, आणि आकाश स्वच्छ झाल्यावर ३ अंश. असे का?

पहिले कारण, वादळाआधीची हवा येते दक्षिणेच्या उबदार समुद्रावरून. समुद्रावर वाफेचा लांबच लांब पट्टा तयार होतो, त्याला 'वातावरणातली नदी' म्हणतात. मिसिसिपी नदी समुद्राला मिळते तिथे जेवढे पाणी वाहते, साधारण तेवढे पाणी वाफेच्या रूपाने असा एक पट्टा वाहून नेतो. २६ डिसेंबर २०२२ ते १७ जानेवारी २०२३ या तीन आठवड्यांत अशा नऊ नद्या एकामागून एक कॅलिफोर्नियावर आल्या. झड म्हणजे काय ते त्या वेळी मुलांना वेगळे समजवावे लागले नाही.

दुसरे कारण ढग. दिवसा तापलेली जमीन रात्री उष्णता बाहेर टाकते. ढग ती अडवून पुन्हा खाली पाठवतात, जणू आकाशाने गोधडी पांघरली. ढग गेले की गोधडी गेली, आणि सकाळी गाडीची काच गोठली.

वाऱ्याकडेही लक्ष ठेवा. आपल्या खोऱ्यात वादळ येण्याआधी वारा बहुधा आग्नेयेकडून वाहतो आणि हवेचा दाब उतरत जातो. वादळ सरकून गेले की वारा वायव्येकडे फिरतो, दाब चढतो आणि उघडीप मिळते. आठ-दहा वादळांची नोंद केलीत की हे तुम्हाला स्वतःच्या वहीत दिसेल.

सांताक्रूझचे डोंगर आणि सह्याद्री

आता नकाशा घ्या. सनीव्हेलच्या नैऋत्येला सांताक्रूझचे डोंगर आहेत. ओला वारा समुद्रावरून येतो, डोंगर चढतो, थंड होतो आणि तिथेच बरसतो. पलीकडे उतरून आपल्याकडे येईतो त्याची झोळी निम्मी रिकामी झालेली असते. डोंगरमाथ्यावर वर्षाला ४० ते ५० इंच पाऊस, आणि खाली आपल्या खोऱ्यात सुमारे १५ इंच, म्हणजे ३८० मिलिमीटर.

हे कुठे पाहिल्यासारखे वाटते का? नैऋत्येचा मोसमी वारा सह्याद्री चढतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि घाट उतरून सांगलीला यावे तर तो सहाशेच्या आसपास. याला पर्जन्यछाया म्हणतात. आबांची सांगली आणि आपले सनीव्हेल, दोन्ही गावे डोंगराच्या छायेतली.

आबांचा दुसरा प्रश्न

त्याच जानेवारीत एका शनिवारी सकाळी मापकात फारसे पाणी नव्हते. उघडीप पडली होती. मुलगा सायकल काढून ओढ्याकाठच्या वाटेने मित्राकडे जायला निघाला. ती वाट दोन-तीन ठिकाणी पुलाखालून जाते. आम्हीही हो म्हणालो होतो. मापक पाहूनच म्हणालो होतो. इतक्यात आबांचा फोन आला. मुलाने ऐटीत आकडा सांगितला आणि तो बेत सांगितला.

आबा म्हणाले, "ते झालं तुझ्या दारातलं. वर डोंगरात किती पडला?"

आम्ही गप्प झालो. मग आबांनी मुलांना २०१९ चा ऑगस्ट सांगितला. सांगलीत पडत होता त्याच्या कितीतरी पट पाऊस घाटात पडत होता. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा आणि तिला कराडला मिळणारी कोयना, दोन्ही दुथडी भरलेल्या. धरणातूनही पाणी सोडलेले. सांगलीकर अशा वेळी आकाशाकडे पाहत नाहीत, आयर्विन पुलाकडे पाहतात. तिथे पाण्याची पातळी फुटांत मोजतात: ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आबा-आजी अंगावरच्या कपड्यांनिशी नातेवाइकांकडे गेले, आणि परतल्यावर आजीच्या कपाटातल्या जुन्या फोटोंचा चिखल झाला होता.

"पाऊस तुझा नसतो रे, पाणी तुझं असतं," आबा म्हणाले.

त्या दिवशी सायकल घरातच राहिली. दुपारी आम्ही सगळे रस्त्यावरच्या उंच पुलावरून ओढा पाहायला गेलो. खाली पुलाखालची वाट दिसतच नव्हती. गढूळ पाणी फांद्या घेऊन वेगाने चालले होते. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. आम्हीही नाही. आकडा बरोबर होता, वाचला होता आम्ही चुकीचा.

आपला स्टीव्हन्स क्रीकही सांताक्रूझच्या डोंगरात उगम पावतो, वाटेत धरणात थांबतो आणि मग कुपर्टिनो, सनीव्हेल, माउंटन व्ह्यू या गावांजवळून खाडीला मिळतो. उत्तरेकडे पालो आल्टोजवळच्या सॅन फ्रान्सिस्किटो ओढ्याचेही तसेच. ३ फेब्रुवारी १९९८ च्या पहाटे तो ओढा काठ सोडून वस्तीत शिरला, अनेक घरांत झोपेतल्या माणसांच्या पायाशी पाणी आले. ३१ डिसेंबर २०२२ ला, आम्ही "खूप!" म्हणालो त्याच दिवशी, तो पुन्हा काठाबाहेर आला होता.

तेव्हापासून आमच्या वहीत एक रकाना वाढला आहे: 'डोंगर'. तिथल्या मापकाचा आकडा रोज शोधून आम्ही तो आपल्या आकड्याशेजारी लिहितो. आपल्याकडे कमी आणि डोंगरात जास्त असेल त्या दिवशी ओढ्याकाठी जायचे नाही, हा घरचा नियम.

अंदाज आणि नोंद

पालकांपैकी काही विचारतील, एल निनोचे वर्ष की ला निनाचे ते आधी कळते, मग रोज मोजायचे कशाला? याचीही एक गोष्ट आहे आणि तिचा धागा भारताशी जुळतो. गिल्बर्ट वॉकर नावाचे गणितज्ञ १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. मोसमी पाऊस कधी दगा देईल हे आधी कळावे म्हणून त्यांनी जगभरच्या रोजच्या नोंदी जमवल्या. त्यातून त्यांना दिसले की प्रशांत महासागराच्या एका बाजूला हवेचा दाब वाढला की दुसरीकडे तो उतरतो. या झोक्याचा आणि एल निनोचा जवळचा संबंध आहे हे पुढे सिद्ध झाले. ज्या झोक्यावर आज कॅलिफोर्नियाचे अंदाज बांधतात, तो सापडला भारतीय पावसाच्या चिंतेतून.

पण अंदाज तो अंदाज. १९९७ साली एल निनो फार जोराचा होता. भारतात दुष्काळाची भीती होती, तरी मोसमी पाऊस जवळजवळ सरासरीइतका झाला. इकडे मात्र १९९८ चा फेब्रुवारी झोडपून गेला. २०१५-१६ चा एल निनोही जोराचा, पण दक्षिण कॅलिफोर्नियाला अपेक्षेइतका पाऊस मिळाला नाही. आणि नऊ वादळांचा २०२२-२३ चा हिवाळा होता ला निनाचा, ज्यात इथे पाऊस कमी अशीच पुष्कळांची समजूत. अंदाज सावध राहायला सांगतो, पण काय घडले ते नोंदच सांगते. वॉकरांच्या हाती कोणीतरी कुठेतरी रोज सकाळी उठून लिहिलेले आकडे नसते, तर त्यांना काहीच सापडले नसते.

स्वाध्याय

१. सरळ भिंतींचे भांडे शोधा आणि ते कोठे ठेवाल ते चित्र काढून दाखवा. झाडाची उंची व अंतर लिहा.

२. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. तुमच्या घराचे छप्पर १०० चौरस मीटर आहे आणि पाऊस २५ मिलिमीटर पडला, तर छपरावर किती लिटर पाणी पडले?

३. रिमझिम, पिरपिर, झड, उघडीप हे शब्द वापरून प्रत्येकी एक वाक्य लिहा. वाक्य सनीव्हेलबद्दल असावे.

४. पुढचे दोन आठवडे रोज सकाळी नोंद करा. शून्य विसरू नका. 'डोंगर' हा रकाना आई-बाबांच्या मदतीने भरा.

५. आजी-आजोबांना फोन करून विचारा: तुमच्या गावी नदीचे पाणी कोणत्या खुणेवरून ओळखतात? पूल, घाट, देवळाची पायरी, जे सांगतील ते लिहून आणा.

पाचव्या प्रश्नाची उत्तरे आपण वर्गात मोठ्याने वाचू. सांगलीच्या फोनवर आता रोज एकच प्रश्न येतो, "किती पडला?" आणि मुले आधी आपला आकडा सांगतात, मग डोंगरातला. आबा दोन्ही लिहून घेतात. त्यांच्या वहीत सनीव्हेलचा रकाना सांगलीच्या शेजारी आहे.